तोंडाला पाणी सुटलंच पाहिजे

आठवीच्या वर्गाला मी वर्षानुवर्षं एक प्रयोग करून दाखवत आले. डब्यातल्या भाकरीचा तुकडा तोंडात ठेवा, गिळू नका, नुसता चावत राहा. पोरं चावायची, एकमेकांकडे बघून खिदळायची, आणि थोड्या वेळानं मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास ओरडायचं, "बाई, गोड लागी ऱ्हायनं!" मग मी फळ्यावर आकृती काढायची. कानाखाली लाळेच्या ग्रंथींची एक जोडी, जबड्याखाली एक, जिभेखाली एक. लाळ म्हटलं की पोरी नाक मुरडायच्या. खरं सांगायचं तर मलाही त्या धड्याचा कंटाळा यायचा. लाळ काय, तान्ह्या मुलाचं लाळेरं भिजवणारी वस्तू. तिच्यावर एक अख्खा तास कशाला घालवायचा?

निवृत्त झाल्यावर तीच लाळ माझ्या तोंडातून गेली. घशात, टॉन्सिलच्या जागी, गाठ निघाली. सुरतेला उपचार झाले, किरणांचा शेक दिला. गाठ गेली, पण शेकाच्या वाटेत लाळेच्या ग्रंथी होत्या, त्याही भाजून निघाल्या. गावातल्या बायका भेटायला यायच्या आणि आवाज खाली आणून विचारायच्या, "बाई, तुम्ही तंबाखू खायच्या का हो?" नाही खायचे. आणि खात असते तरी काय? तेवढ्यानं तुमचं समाधान होणार होतं का? मी तोंडावर असं बोलले तेव्हा निम्म्या बायका यायच्या बंद झाल्या. बरं झालं.

कोरडं तोंड म्हणजे तहान, असं लोकांना वाटतं. अहो, तहान पाण्यानं भागते. इथे पाण्याचा घोट तोंडातून सरळ उतरून जातो आणि जीभ परत टाळूला चिकटते. बोलायला तोंड उघडलं की ओठ एकमेकांना सोडत नाहीत. भाकरीचा तुकडा या गालातून त्या गालात फिरतो आणि शेवटी कोरडा भुसा होऊन दातांमागे बसतो. चवीचं तर विचारूच नका. मीठ विरघळल्याशिवाय जिभेला कळत नाही आणि विरघळायला तोंडात ओल लागते. मी चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं तर वाळू ठेवल्यासारखं वाटायचं. ओल नाही म्हणून चव नाही, चव नाही म्हणून ओल सुटत नाही. इतकी वर्षं शिकवलं, पण हा फेरा मला कोणत्याच पुस्तकात भेटला नव्हता.

घरात मी, मुलगा आणि सून. माझे मालक बऱ्याच वर्षांपूर्वी गेले. मुलगा लोणखेड्याला कॉलेजात शिकवतो, उरलेल्या वेळात केळीच्या बागेत असतो. सून गुणी आहे, तिच्याबद्दल मी वावगा शब्द काढणार नाही. पण तिच्या त्या मिक्सरनं मला जेरीस आणलं. दूध-भात मिक्सरमधून, मुगाचं वरण मिक्सरमधून, दुधी मिक्सरमधून. सगळ्याचा रंग एकच आणि चव म्हणाल तर रंगासारखीच. मीठ बेताचं, तिखट नाही, आंबट नाही, फोडणी नाही. पलीकडे स्वयंपाकघरात वांगी भाजल्याचा वास सुटायचा आणि मी माझ्या खोलीत त्या पांढऱ्या लगद्याकडे बघत बसायची. माझ्यासमोर खाताना त्यांना वाईट वाटतं म्हणून माझं ताट वेगळ्या खोलीत. मला किती वाईट वाटतं ते कोणी विचारलं नाही.

आमच्या भागात पथ्य एकदा लागलं की लागलं. आमच्या चुलत सासऱ्यांना तरुणपणी कावीळ झाली तेव्हा वैद्यानं तेल बंद सांगितलं. मरेपर्यंत म्हाताऱ्यानं भज्याला हात लावला नाही. काय बंद करायचं ते सगळे नीट ऐकून येतात. परत कधी सुरू करायचं, हे मात्र कोणी विचारत नाही. विचारलं तर जिभेचे चोचले म्हणतात. माझंही तसंच झालं. शेक चालू असताना तोंडात फोड होते, तेव्हा आंबट-तिखट बंद सांगितलं होतं. शेक संपला, फोड भरले, घरातलं बंद काही उठलं नाही. आणि मी, विज्ञान शिकवणारी बाई, मीसुद्धा मुकाट्यानं तो लगदा गिळत राहिले.

गिळत राहिले म्हणजे काय, निम्मा परत जायचा. अंगावरचे ब्लाऊज लोंबायला लागले. तपासणीला सुरतेला गेलो तेव्हा डॉक्टर, तिकडच्या रीतीनं मला बा म्हणजे आई म्हणणारे, काट्याकडे बघून म्हणाले, "बा, वजन फिर कम हुआ." मग ते माझ्या मुलाशी बोलायला लागले. असंच घटत राहिलं तर पोटाला बारीक छिद्र पाडून नळी बसवावी लागेल, पातळ अन्न थेट पोटात जाईल, पुष्कळ पेशंट नळीवर छान राहतात, पुढच्या वेळी भरती व्हायच्या तयारीनंच या. मुलगा मान हलवत होता. पोट माझं, छिद्र माझ्या पोटाला, आणि मान हलवतोय हा! मला ओरडायचं होतं. पण आधी बाटली उघडा, घोट घ्या, जीभ सुटू द्या, तोवर दोघांचं बोलणं संपूनही गेलं. इतका संताप मला जन्मात कधी आला नव्हता. ज्यांना नळी लागते त्यांना लागते, त्यात कमीपणा नाही हे मला कळतं. पण माझ्या तोंडानं अजून हार मानली नव्हती, आणि त्याला कोणी एक संधीसुद्धा दिली नव्हती.

परत येताना गाडीत मी मुलाशी बोलले नाही. नवापूर गेलं, मी खिडकीबाहेर तोंड करून बसलेली. खांडबाऱ्याला गाडी थांबली. खिडकीखाली एक बाई डोक्यावरची पाटी उतरवून उभी राहिली. पाटीत कैऱ्या. तिनं एक कैरी हातातच धरून चिरली, फाकी उघडल्या, त्यावर तिखट-मीठ चोळलं आणि माझ्यासमोर धरल्या.

आणि कानाखाली, दोन्ही बाजूंनी, जबड्याच्या कोपऱ्यात बारीक कळ आली. सुई टोचल्यासारखी. मी दचकून गालाला हात लावला. जिभेखाली काहीतरी ओलं झालं होतं. मी पाणी प्यायले नव्हते. बाटली पिशवीत होती. अजून काही खाल्लं नव्हतं, नुसती कैरी पाहिली होती, तर माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं!

"दे माले," मी त्या बाईला म्हटलं.

मुलगा ताडकन उठला. "माय, आंबट बंद शे ना तुले!"

"कधीलोंग बंद शे? इचारं का तू?"

मी पदरानं फाकीवरचं तिखट पुसून काढलं आणि कैरी जिभेवर ठेवली. आई गं! झोंबलं, डोळ्यांतून धारा लागल्या. पण कानाखालची ती कळ पुन्हा आली, या वेळी जोरात, आणि तोंडात घोटभर नाही तरी अर्धा घोट पाणी जमलं. पातळ, सरळ, साधं पाणी. माझ्याच तोंडातलं. मी ते गिळलं आणि भर गाडीत हुंदके देऊन रडले. समोरच्या बाकावरची माणसं मुलाकडे रागानं बघत होती, हाच म्हातारीला काही बोलला असेल म्हणून. मी त्यांची समजूत काढली नाही. असू दे थोडं.

घरी आल्यावर मी स्वतः डॉक्टरांना फोन लावला. बाटलीतला घोट आधीच घेऊन ठेवला होता. ते हसले. म्हणाले, पथ्य तेव्हाच्या फोडांपुरतं होतं, आता आंबट चालेल, पण बेतानं. जळालेल्या ग्रंथी परत येणार नाहीत, मात्र ज्या उरल्या असतील त्यांना आंबटानं जाग येते. दातांना जपा, राखणीला लाळ नाही, आंबट सतत तोंडात ठेवलं तर दात झिजतील. नंतर साध्या पाण्यानं चूळ भरा, लगेच ब्रश घासू नका. आणि शेवटी म्हणाले, "लेकिन बा, तारीख वही रहेगी. खाके दिखाओ."

ठीक आहे, दाखवते, मी म्हटलं.

दुसऱ्या सकाळी मी स्वयंपाकघरात खुर्ची टाकून प्रयोगाला बसले. समोर साखर, मीठ, मेथीदाणे, कैरीची फाक आणि एक स्टीलची वाटी. एकेक वस्तू जिभेवर ठेवायची, तोंडात जमेल ते वाटीत थुंकायचं आणि किती ते बघायचं. सून दारात येऊन थबकली. आमच्याकडे उष्ट्याचं फार. माठात उष्टा पेला बुडवला तर अख्खा माठ ओततात. "आई, हे काय करी ऱ्हायनात तुम्ही?" तिचा चेहरा कसानुसा झालेला. म्हटलं, "शाळा भरवली. बैस." आणि खरंच, थोड्या वेळानं तीही वाटीत डोकवायला लागली. साखरेनं थोडं पाणी आलं, पण लगेच चिकट होऊन तोंडात गोंद झाला. मिठानं बरं होतं, पण जीभ चरचरली. मेथी इतकी कडू की पाणी यायच्या आधीच थुंकून टाकली. कैरीनं मात्र वाटीचा तळ झाकला. फळ्यावर पोरांना सांगितलेलंच होतं की आंबटानं सगळ्यात जास्त लाळ सुटते. सांगणं वेगळं हो.

कैरी रोज चिरायला नको म्हणून मी आमचूर आणवलं. शहाद्याच्या बाजारात धडगावकडच्या बायका सातपुड्यातलं आमचूर घेऊन येतात, कैरीच्या वाळवलेल्या फाकी, दुकानातली पूड नव्हे. त्यातली एक फाक जेवणाआधी जिभेवर ठेवायची. ती हळूहळू भिजते, कळ येते, पाणी जमतं. मग फाक काढून चूळ भरायची आणि तोंड ओलं आहे तोवर घास घ्यायचा. घास म्हणजे तरी काय? आधी कढी. मग कढीत कुस्करलेला भात. मग आमटीत बुडवून लिबलिबीत केलेली भाकरी. चावायचं, खूप चावायचं, कारण चावण्यानंही ग्रंथी हलतात. जेवण होईपर्यंत बाकीच्यांची भांडी घासून व्हायची. मी उठायची नाही. आणि ताट मी त्या वेगळ्या खोलीतून उचलून स्वयंपाकघरात आणलं होतं. वांगी माझ्यासमोर भाजा म्हटलं. मला वास हवाय, मला ते बघायला हवंय, आणि तुम्हाला वाईट वाटत असेल तर वाटू द्या!

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. एका दुपारी भाकरीचा तुकडा घशात अडकला. पाठीत थापट्या मारून सुनेनं तो काढला आणि मग तीच रडायला बसली. मुलगा बागेतून धावत आला. त्यानं आमचुराची बरणी उचलली आणि कपाटावर, माझा हात पोचणार नाही अशी, ठेवून दिली. म्हणाला, नळीच बरी, तू घरात अशी गुदमरून गेलीस तर मी काय करू?

तो घाबरला होता. मला दिसत होतं. मीही घाबरले होते. पण त्या बरणीकडे मान वर करून बघताना माझं डोकं सणकलं.

"बरनी खाले काढ," मी म्हटलं. "मन्हं तोंड शे. मन्ही जीभ शे. मन्हं मरनं बी मन्हंच शे. तू बाप नही मन्हा."

आवाज चिरका निघाला, मध्येच घोट घ्यावा लागला, पण सगळं बोलले. त्यानं बरणी काढून माझ्यासमोर ठेवली आणि पाय आपटत निघून गेला. त्या दिवसापासून मी घास आणखी बारीक केला आणि हनुवटी छातीला लावून गिळायला शिकले. हे डॉक्टरांनीच फोनवर सांगितलं. हट्ट करायचा तर नीट करावा.

नंतर तो माझ्याशी कामापुरतं बोलायचा. सुरतेच्या फेरीची तयारी मात्र त्यानं बिनबोभाट केली, भरतीची पिशवीसुद्धा भरून ठेवली. आम्हाला जायचं होतं त्याच्या आदल्या दिवशी गल्लीत आमच्या घरचे बिबडे होते. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. भिजवून दळलेल्या ज्वारीचा लसूण-मिरची, तीळ, जिरं घालून घाटा शिजवायचा, ओल्या फडक्यावर थापायचा आणि जुन्या साड्या अंथरलेल्या खाटांवर वाळवायचा. आज आमचे, उद्या शेजारचे, गल्लीतल्या सगळ्या बायका आळीपाळीनं एकमेकींकडे. या घाट्याचं मीठ बघायचं काम माझं. ते काम सोपं नाही. ओल्या घाट्यात मीठ बरोबर लागलं की समजा बिबडे खारट झाले, कारण वाळल्यावर मीठ वर येतं. जिभेला जरा अळणी लागेल तिथे थांबावं लागतं. सासूनंतर गल्लीनं हे माझ्यावर सोपवलं होतं आणि मी कधी चुकले नव्हते.

चुलीवर मोठ्या पातेल्यात घाटा रटरटत होता. धाकटी जाऊ लाकडी दांड्यानं तो हाटत होती. तिनं मीठ घातलं, एक गोळा वाटीत काढला आणि सवयीनं माझ्याकडे वळली. मग तिला आठवलं. तिनं वाटी मागे घेतली. एकीनं लगेच उद्याच्या उन्हाचा विषय काढला. मला माहीत होतं, त्यांनी मला दुखवायचं नाही म्हणून तसं केलं. त्याचाच मला राग आला.

"वाटी आन अठे," मी म्हटलं.

"ताई, तिखट शे वं," जाऊ म्हणाली. "गरम बी शे."

"आन."

मी आमचुराची फाक जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. कळ आली, आधी डावीकडे, मग उजवीकडे. पाणी जमलं. मी फाक काढली, चूळ भरली. घाट्यावर जावेनं कच्च्या तेलाची धार धरली होती. मी बोटांनी घास केला, फुंकर मारली आणि तोंडात घातला.

तिखटानं जीभ पेटली. नाक वाहायला लागलं, डोळे वाहायला लागले, आणि तोंड, माझं ते कोरडं ठक्क तोंड, तेही वाहायला लागलं. मी चावलं. घास चुरा झाला नाही, एकत्र राहिला, मऊ झाला, मागे सरकला. मी हनुवटी छातीला लावली. गिळला. खाली गेला. बाटली माझ्या मांडीशी होती आणि मी तिला हात लावला नव्हता.

दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. वाटीच्या कडेला लागलेलं बोटानं निपटून घेतलं.

"ताई," जावेनं हळूच विचारलं, "मीठ कसं शे?"

सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. बरोबर आहे म्हटलं असतं तरी चाललं असतं, त्यांनी आनंदानं मानलं असतं. पण मला काही लागलंच नव्हतं. तिखट लागलं, तेल लागलं, मीठ कुठेच नव्हतं. मिठापुरती जीभ अजून मुकी होती, कदाचित मुकीच राहील. मला वाईट वाटलं. इतकी वर्षं सांभाळलेली गोष्ट होती ती.

"मीठ माले समजनं नही," मी म्हटलं. "मीठ तू देख. आते तुन्हंच काम ते."

मुलगा दारात उभा होता. केव्हापासून, कोण जाणे. हातात फोन, बहुतेक उद्याच्या भरतीचंच काही चाललं असेल. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मी वाटी जावेपुढे केली, अजून वाढ म्हणून, आणि त्याला म्हटलं,

"देखी काय ऱ्हायना? फोन लाव त्या डॉक्टरले. सांग त्याले, म्हातारी जेवी ऱ्हायनी."